रुखवतातले लोड

“आई, या डबीत बडीशेप आहे!”

मी स्टुलावर उभी होते, डबी हातात, आणि आवाज असा काही फाटला होता की मांडवाला माळा लावणारा इलेक्ट्रिशियन खिडकीतून आत डोकावला.

“मग बडीशेपेच्या डबीत काय, तुझा नवरा असणार?” माजघरातून कुंदाआत्या म्हणाली.

आत्याचं बरोबर होतं. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारण त्या डबीत माझ्या कॅप्सूल असायला हव्या होत्या. आईनंच बाटलीतून काढून त्यात ओतल्या होत्या, बाटली कागदात गुंडाळून लांब नेऊन टाकली होती, आणि डबी कपाटावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी माझी हळद, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न.

ही लपवाछपवी कशासाठी ते आधी सांगते. माझं पोट तेव्हा गेली दोन वर्षं माझ्याशी वैर धरून होतं. फुगायचं, कळा यायच्या, आणि जे काम पोटानं रोज करायचं ते करायचंच नाही. मी कराडात कॉलेजात गणित शिकवत होते. फळ्यासमोर उभं राहून पोटात कळ आली की मी पोरांना एक लांबलचक गणित द्यायचे आणि पाठ करून उभी राहायचे. शेवटी मिरजेला डॉक्टर हसबनीसांकडे गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. बद्धकोष्ठतेचा प्रकार. आतड्यात जखम नाही, गाठ नाही. फक्त तुमचं आतडं चिडकं आहे.”

“आमच्या घराण्यातलं आहे डॉक्टर,” मी म्हटलं. “चिडकंच असणार.”

ते हसले नाहीत. त्यांनी कॅप्सूल लिहून दिली आणि बोट वर करून सांगितलं, “रोज सकाळी उठल्यावर एक, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. आणि नीट ऐका, महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला बरं वाटेल, आणि तुम्ही म्हणाल आता कशाला गोळी. सगळे हेच करतात आणि रडत परत येतात. बरं वाटतंय ते गोळीमुळे. बंद करायची असेल तेव्हा मी सांगेन. तुम्ही नाही, तुमच्या आईनं नाही, शेजारच्या काकूंनी नाही.”

खरंच बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी लग्नाला हो म्हटलं.

स्थळ फलटणचं, जगदाळ्यांचं. मुलगा रणजित, सिंचन खात्यात इंजिनिअर, बोलायला मोकळा. पण त्याची आई, सुमित्राबाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी चेहऱ्यावरची शाळा अजून सुटलेली नव्हती. बघायला आले तेव्हा फलटणहून पहाटे निघून सकाळी सकाळी दारात हजर. सुमित्राबाई बसल्या, पर्समध्ये काहीतरी चाचपलं, एक ग्लास पाणी मागितलं. मी चहा नेला. त्यांनी ट्रेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आत्ता नको. थोड्या वेळानं घेते.”

झालं! आईनं ते मनाला लावून घेतलं. “आपल्या घरचा चहा नाकारला गं,” ती आत येऊन म्हणाली. “बाकीचे पसंत करतील. ही बाई नाही करायची.”

पसंती आली तरी आईच्या मनातून तो चहा गेला नाही. आणि म्हणून गोळीचा विषय निघाला की ती हातच जोडायची. “शरू, तुझ्या पाया पडते. लग्न होईपर्यंत कुणाला एक अक्षर बोलू नकोस. मुलगी रोज गोळी घेते म्हटलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. त्या बाईच्या कानावर गेलं तर भर मांडवातून वरात परत नेतील.”

“आणि सासरी गेल्यावर?”

“सासरी गेल्यावर बघू.”

आईचं सगळं आयुष्य या ‘बघू’वर चाललेलं आहे.

मी रणजितला सांगायचं ठरवलं होतं. दोनदा फोनवर तोंड उघडलंसुद्धा. पण आईला माझ्या तोंडाची चाहूल लागते. दोन्ही वेळा ती पाठीमागे येऊन उभी राहिली आणि मी पोटाऐवजी पत्रिकेच्या रंगावर बोलले.

तर ती डबी. आईनं धीर गोळा करून विचारलं, “वन्सं, या डबीत आधी काही होतं का हो?”

“मला काय माहीत?” आत्या फटकन म्हणाली. “मी कशाला तुमच्या डब्यांना हात लावतेय? कपाटावर नुसती पडली होती. धुतली, पाहुण्यांसाठी बडीशेप भरली. आता तेही चुकलं का?”

हात लावला नाही आणि धुतली, दोन्ही एकाच दमात. पण आत्याची उलटतपासणी करायची कुणाची टाप? आणि खरं कारण सांगायची तर सोयच नव्हती. कुंदाआत्याला सांगणं म्हणजे सातारा जिल्ह्यात दवंडी पिटणं.

दुसऱ्या कॅप्सूल आणाव्यात, तर गावातल्या ज्या एका दुकानात त्या मिळत, त्याचा मालक रणजितच्या मामाचा साडू. आईनं त्या दुकानाकडे बोटसुद्धा दाखवू दिलं नाही. मिरजेला जावं, तर बाबा आचाऱ्याच्या मागे आणि मी घरात कोंडलेली. हळद लागायच्या आधीपासूनच आत्यानं फर्मान काढलं होतं, नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही.

“एक-दोन दिवस नाही घेतली तर काय होतंय?” आई म्हणाली. “आता तर तुला बरं आहे.”

माझ्या डोळ्यांसमोर हसबनीसांचं वर केलेलं बोट आलं. पण करणार काय? आणि खरं तर ते एक-दोन दिवस नव्हतेच. घरात पाहुणे जमायला लागल्यापासून आई रोज सकाळी “आत्ता नको, तो बघतोय, ती बघतेय” करत होती, आणि मी आठवडाभर ती डबी नुसती खालून बघत होते. आतडं ते विसरलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी त्यानं संप पुकारला.

अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, आणि पोट असं टणक की हळद लावणारी मावशी म्हणाली, “अगं, इथं काय बांधलंयस?” मी हसले. हसल्यावर आणखी कळ आली. लोकांना वाटलं माहेर सुटणार म्हणून पोर रडतेय, आणि दोघीतिघी माझ्याबरोबर रडायलाही लागल्या.

चेहरा लपेना. तेव्हा आईनं फक्त एवढंच फोडलं की शरूला जरा साफ होत नाहीये. जरा! सगळं घर कामाला लागलं. आमच्या घरात लग्नाच्या यादीपेक्षा हा विषय लोकांना जवळचा. दत्ताकाका आल्याच्या चहात एरंडेल घेऊन आले. आत्यानं दूध-तूप आणलं. मावशीनं भिजवलेल्या काळ्या मनुका आणल्या आणि शेजारच्या काकूंनी कापलेली पपई. प्रत्येक जण समोर बसून, “माझ्या देखत घे,” म्हणत होता.

“काका, मला एरंडेल नको,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी...”

आईनं मला चिमटा काढला.

“कोण डॉक्टर?” आत्या वळली.

“डॉक्टरांनी... टीव्हीवर सांगितलं,” मी म्हटलं.

“टीव्हीवरच्यांना काय कळतंय!” काका म्हणाले. पण मी कप तुळशीत ओतला. तुळस पुढं बरेच दिवस मलूल होती, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. बाकी सगळं पोटात गेलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या खोलीत मला शालू नेसवला. ब्लाउजचा खालचा हुक लागेना. आई ओढतेय, मावशी ओढतेय, मी श्वास धरून उभी.

“शिंप्यानं खाल्लं कापड,” मावशी म्हणाली.

“शिंप्यानं नाही,” मी दात आवळून म्हटलं.

हुक एकदाचा लागला. मी खुर्चीत बसू शकत नव्हते, वाकू शकत नव्हते, आणि अक्षता पडेपर्यंत उपाशी राहायचं असल्यामुळे कुणी पाणीही देईना. रणजितचा मेसेज आला, “कशी आहेस?” मी लिहिलं, “मस्त.” लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याला पहिल्याच दिवशी थाप मारत होते, आणि तीही पोटाबद्दल. आयुष्यभर त्या घरात बाथरूमचं दार लावून चोरून गोळी गिळायची का? त्या बाईंच्या नजरेखाली? मला इतकी भीती वाटली की क्षणभर दुखायचंसुद्धा थांबलं.

तेवढ्यात आत्या धावत आली. “चला चला! फलटणच्या बायका रुखवत बघायला आल्यात. नवरी पाहिजे तिथं.”

रुखवत म्हणजे आत्याचा जीव की प्राण. गेले दोन महिने ती आपल्या घरी दार लावून ते करत होती, आणि शेवटचा हात आमच्याकडे येऊन फिरवला होता. कुणाला काही बघू दिलं नव्हतं. खोके चिकटपट्टीनं बंद, वर लिहिलेलं, ‘हात लावू नये’. आता लांब टेबलावर सगळं मांडलं होतं. कागदाच्या साड्यांच्या बाहुल्या, साखरेचा किल्ला, करंज्यांचा मोर. आणि मधोमध, काचेच्या पेटीत, इवलीशी दिवाणखान्यातली बैठक. पांढरी चादर, पितळी समई, तबक, अत्तरदाणी. आणि चादरीवर भिंतीला टेकून ओळीनं मांडलेले छोटे छोटे गोल लोड, अर्धे पांढरे, अर्धे केशरी, मधोमध जरीची दोरी बांधलेले.

मी बघितलं. आईनं बघितलं. आईनं माझं मनगट असं धरलं की तीन बांगड्या तिथंच फुटल्या.

“किती सुबक!” रणजितची चुलती, शालिनीकाकी, पेटीवर वाकली. “हे लोड कशाचे हो केलेत? मातीचे?”

“ते माझं गुपित आहे,” आत्या फुलून गेली. “साच्यात काढल्यासारखे आहेत की नाही? शोधणाऱ्याला सगळं सापडतं बघा. कपाटावर एका डबीत जुनाट मणी पडले होते, कुणाच्या उपयोगाचे नव्हते.”

शालिनीकाकींनी झाकण उचललं आणि एक लोड चिमटीत धरून उपटला. डिंक सुटला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दाबला, फिरवला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “हे मणी नव्हेत. यावर इंग्रजीत लिहिलंय. या तर औषधाच्या गोळ्या!”

सगळ्या बायका पुढं सरकल्या. आत्याचं तोंड उघडं. फलटणचा घोळका, कराडचा घोळका, आणि मधे काचेची पेटी.

“कुणाच्या म्हणायच्या या?” शालिनीकाकींनी विचारलं.

आई बोलायला गेली. मला माहीत होतं ती काय बोलणार. बाबांच्या म्हणणार, किंवा मांजराच्या. आणि त्या एका क्षणात मला त्या हुकाचा, त्या तुळशीचा, त्या ‘मस्त’चा असा काही संताप आला की मी म्हटलं, “माझ्या.”

“तुझ्या?”

“माझ्या. मला पोटाचा आजार आहे. पोट फुगतं, साफ होत नाही. रोज सकाळी एक घ्यावी लागते. लपवून ठेवल्या होत्या, त्या आत्यानं बैठकीला लावल्या. आठवडाभर घेतलेली नाही आणि आत्ता मी तुमच्यासमोर उभी आहे ती फक्त या हुकाच्या जोरावर.”

पलीकडे समई लावणाऱ्या गुरुजींनीसुद्धा मान वळवली.

“म्हणजे पोरगी आजारी आहे होय?” शालिनीकाकी हळू म्हणाल्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. “वहिनी, ऐकलंत का?”

सुमित्राबाई मागे उभ्या होत्या. बायकांनी वाट दिली. त्या पेटीपाशी आल्या, चष्मा नीट केला, शालिनीकाकींच्या तळहातावरची कॅप्सूल उचलली. मला वाटलं आता संपलं. आईनं तर डोळेच मिटून घेतले होते.

सुमित्राबाईंनी कॅप्सूल उलटसुलट करून बघितली. मग आत्याकडे वळल्या.

“ताई, बैठक फार सुंदर केलीत,” त्या म्हणाल्या. “पण हे लोड मी रोज सकाळी गिळते.”

“काय?” शालिनीकाकी म्हणाल्या.

“काय काय? ऐकलंस ना. हाच रंग, हीच अक्षरं. तीन वर्षं झाली. मिरजेचे हसबनीस.” त्यांनी पर्स उघडली आणि आतून एक पांढरी बाटली काढून वर धरली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘व्हिटॅमिन’.

“आई?” दारातून आवाज आला. रणजित फेटा बांधून उभा होता, त्याला कुणीतरी गडबड ऐकून आणलं होतं. “त्या तर ताकदीच्या गोळ्या आहेत ना?”

“तुम्हाला सांगायला ताकदीच्या,” सुमित्राबाई म्हणाल्या. “तुझ्या काकीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं असतं. मुख्याध्यापिकेला साफ होत नाही म्हणून पोरींनी बाकावर लिहिलं असतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची शाळा सुटली. “सोड तो हुक.”

“अं?”

“हुक सोड म्हणते. वर शेला आहे की. मीही माझ्या लग्नात खांबासारखी ताठ उभी होते, तेव्हा कुणी सांगितलं नाही मला.” त्यांनीच माझ्या पाठीमागे येऊन हुक काढला, आणि मी त्या दिवसातला पहिला पूर्ण श्वास घेतला. “एरंडेल पाजलं का कुणी?”

“तुळशीला घातलं.”

“शहाणी आहेस. मी डॉक्टरांना आत्ता फोन करून विचारते. उद्या सकाळी रिकाम्या पोटी परत सुरू कर. आणि आता बंद करायची नाही.”

“ते बोट वर करून सांगतात,” मी म्हटलं.

“असं ना?” म्हणत त्यांनी बोट वर केलं, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. दुखत होतं तरी मी हसले. आई मात्र खरोखरची रडत होती, आणि कुंदाआत्या पेटीतले उरलेले लोड मोजत पुटपुटत होती, “डबीवर लिहून तरी ठेवायचं! बडीशेपेच्या डबीत कोण औषध ठेवतं?”

अक्षता पडल्या. अंतरपाट सरल्यावर रणजित पहिलं वाक्य बोलला ते, “पोट कसं आहे?” एवढं प्रेमाचं आजवर मला कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या घरी मी लवकर उठले. नवं घर, कुठली भांडी कुठं ते माहीत नाही. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. सुमित्राबाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर पाण्याचे दोन ग्लास. डॉक्टरांना विचारून झालं होतं, पॉवर तीच होती. माझ्या नव्या कॅप्सूल येईपर्यंत त्यांनी आपल्या बाटलीतल्या काढून ठेवल्या होत्या. आम्ही दोघींनी गिळल्या. मी सवयीनं गॅसकडे गेले.

“बस,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास चहा नाही, विसरलीस?”

मी बसले. दोघी नुसत्याच समोरासमोर.

“तुझ्या आईला त्या दिवशी फार लागलं ना?” रिकामा ग्लास बाजूला सरकवत त्या म्हणाल्या. “मी चहाला नको म्हटलं तेव्हा. नुकतीच तुमच्याच पाण्याबरोबर गोळी घेतली होती गं. चहाचा वास असा येत होता की जीव कळवळला. पण सांगणार कसं?”

मी कपाळाला हात लावला. आईनं त्या चहापायी दोन महिने झोप घालवली होती.

त्या अर्ध्या तासात त्यांनी मला रणजितच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. पुढच्या सकाळी शाळेतल्या भांडणांबद्दल. मग माझ्या कॉलेजबद्दल विचारलं, मग रणजितचे बाबा गेले त्या वर्षाबद्दल बोलल्या, जे त्या कुणाशीच बोलत नसत. घर उठायच्या आधी, चहाविना, दोघीच.

आता बरीच वर्षं झाली. ती काचेची बैठक हॉलमध्ये कपाटात आहे, एका लोडाच्या जागी डिंकाचा डाग आहे. माझं पोट गुण्यागोविंदानं नांदतंय. मध्ये एकदा तपासणीला गेले तेव्हा हसबनीसांनी कागद बघितले आणि म्हणाले, “फार छान आहे. काय, कंटाळा आला का? बंद करून बघू या का काही दिवस?”

मी हो म्हटलं आणि घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी गुडघे चोळता चोळता माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि टेबलावर पाण्याचा एकच ग्लास होता.

मी दुसरा भरला, नुसत्या पाण्याचा, आणि समोर बसले. गोळी नसली म्हणून काय झालं? चहा मी अर्ध्या तासानंच टाकला.